संरक्षण अधिकाऱ्याची सेवा: फुकट, हक्काची, आणि सगळी ‘नमुना १’ वर उभी

नवऱ्याने मारून घराबाहेर काढलं की बाई आधी पोलीस ठाणं गाठते. तिथे पुष्कळदा एक एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली जाते, ‘घरातलं आहे, समजुतीने घ्या’ असं सांगून तिला परत पाठवलं जातं. नेमक्या याच कामासाठी सरकारने संरक्षण अधिकारी नेमलेला असतो, हे तिला कोणी सांगत नाही. खरं तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ५ नुसार ते सांगणं पोलिसांवर बंधनकारक आहे. या लेखात त्या सेवेचा आढावा घेतला आहे: तिथे काय मिळतं, कुठे अडतं, आणि अडू नये म्हणून कागद कसे तयार करायचे.

मत आधीच सांगून टाकतो. ही सेवा वापरावी, आणि पोलीस ठाण्यातून हात हलवत परत येण्याच्या आधीच वापरावी. मात्र अधिकारी सगळं करून देईल असं समजून गेलात तर निराशा पदरी येईल. तिथे भरला जाणारा एक अहवाल पुढची दोन-तीन वर्षं प्रत्येक तारखेला तुमच्या बाजूने किंवा तुमच्या विरुद्ध बोलणार असतो. तो नीट भरला, तर या कायद्याइतका बाईच्या रोजच्या जगण्याला धरून असलेला दुसरा कायदा आपल्याकडे नाही.

कायद्याचं पूर्ण नाव ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. नवऱ्याला तुरुंगात टाकणं हा त्याचा पहिला हेतू नाही. त्यासाठी जुनं ४९८-अ, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे. हा कायदा आधी राहायला छप्पर, हातात पैसे, मुलांचा ताबा आणि मारहाणीला मनाई देतो. आदेश मोडला तरच फौजदारी सुरू होते. फक्त बायकोलाच तो लागू आहे असंही नाही. आई मुलाविरुद्ध, बहीण भावाविरुद्ध, विधवा सून दिराविरुद्ध, लग्न न करता संसार केलेली बाई जोडीदाराविरुद्ध अर्ज करू शकते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने हरसोरा खटल्यात सामनेवाल्याच्या, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज होतो त्याच्या, व्याख्येतून ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढून टाकले, त्यामुळे सासू-नणंदेलाही सामनेवाले करता येतं याबद्दल शंका उरली नाही.

अधिकारी शोधायचा तर जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात जायचं. आपल्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण आणि तो कोणत्या वारी कुठे बसतो, हे तिथे कळतं. एकाच माणसाकडे एकाहून जास्त तालुके असतील तर वार न विचारता केलेली खेप वाया जाते. १८१ वर फोन करूनही मार्ग मिळतो. जीवावर बेतलं असेल तर ११२. रात्री राहायची सोय नसेल तर सखी वन स्टॉप सेंटर. तिथे तात्पुरता निवारा पाच दिवसांपर्यंत मिळतो, म्हणून त्याच पाच दिवसांत अहवाल लिहून घ्यायचा. मोफत वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो, हेल्पलाइन १५१००. त्यासाठी बाईला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये स्त्री असणं एवढंच पुरेसं आहे. नोकरदार बाईला ‘तुम्ही बसत नाही’ असं सांगितलं गेलं, तर हे कलम दाखवा.

आता त्या अहवालाकडे. नमुना १, म्हणजे कौटुंबिक घटना अहवाल. सगळे त्याला डीआयआरच म्हणतात. त्यात बाईची माहिती, सामनेवाल्यांची माहिती, मुलं, मग घटनांचा तक्ता, सोबतची कागदपत्रं, कोणते आदेश हवेत आणि कोणती मदत हवी, असे रकाने आहेत. घटनांच्या तक्त्यात तारीख, वेळ, जागा आणि कोणी केलं, हे वेगवेगळं विचारलेलं आहे. आणि नेमकं इथेच घाईघाईत एक वाक्य लिहिलं जातं: ‘लग्न झाल्यापासून पती दारू पिऊन मारहाण करतो व सासरचे लोक त्रास देतात.’ हे वाक्य खरं असतं, पण उलटतपासणीत ते टिकत नाही, कारण त्यात धरायला काहीच नाही.

त्याऐवजी असं लिहून घ्यावं: ‘१४ मार्च २०२५, रात्री साडेनऊ, स्वयंपाकघर. पतीने लाटणे डाव्या मनगटावर मारले. सासूने दार बाहेरून लावले. शेजारणीने दार उघडले. दुसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात प्लास्टर घातले, केसपेपर जोडला आहे.’ चार-पाच ओळी झाल्या, पण त्यात दोन माणसं, एक साक्षीदार आणि एक कागद आला. अशा तीन-चार घटना भरपूर झाल्या: पहिली, सर्वांत वाईट, आणि सगळ्यात अलीकडची. अलीकडची तर लिहिलीच पाहिजे, कारण तातडीचा आदेश मागताना न्यायालय आज धोका आहे का एवढंच बघतं.

तारीख आठवत नाही ही अडचण नेहमीची आहे. बायकांना तारीख आठवत नसली तरी सण आठवतो. पोळ्याचा दुसरा दिवस, धाकट्याच्या बारशाचा आठवडा, कापूस वेचणीला माणसं लावली होती तो दिवस. ते तसंच सांगावं आणि कालनिर्णय उघडून समोरच तारीख काढून घ्यावी. अंदाजाने तारीख ठोकू नये. दवाखान्याचा कागद एका तारखेचा आणि अहवालात दुसरीच तारीख असं झालं, की समोरचा वकील त्या एका चुकीवर सगळी हकीकत खोटी ठरवायला बघतो. नक्की आठवत नसेल तर ‘सुमारे’ लिहावं, त्यात कमीपणा नाही.

मारहाणीखेरीजचे रकाने लोक रिकामे सोडतात, हे मोठं नुकसान. आर्थिक हिंसाचार या भागात घरखर्चाला पैसे न देणं, औषधपाणी बंद करणं, घराचा काही भाग वापरू न देणं, नोकरी करू न देणं, पगार काढून घेणं, भाडं किंवा विजेचं बिल न भरणं, न विचारता दागिने गहाण टाकणं किंवा विकणं, हे सगळं छापलेलं आहे. एटीएम कार्ड काढून घेतलं, तर ते इथेच येतं. शाळेची फी माहेरून भरली असेल तर पावती जोडा, आणि कोणत्या महिन्यापासून पैसे बंद झाले ते लिहा. पुढे पोटगीचा आकडा ठरताना हाच रकाना कामाला येतो. शाब्दिक आणि भावनिक छळाच्या भागात चारित्र्यावर संशय, मुलगा होत नाही म्हणून टोमणे, माहेरच्यांना भेटू न देणं हेही आहे. लैंगिक हिंसेच्या रकान्याबद्दल दाराजवळच्या टेबलावर, लोक ये-जा करत असताना विचारलं जात असेल, तर बाई ‘काही नाही’ असंच म्हणणार. वेगळ्या खोलीची मागणी करावी, ती रास्त आहे. अधिकारी शक्यतो स्त्री असावी असं कायद्यातच म्हटलेलं आहे.

स्त्रीधनाची यादी हा अहवालातला दुसरा महत्त्वाचा कागद. ‘दहा तोळे सोने सासरी आहे’ एवढ्यावर वसुली होत नाही. एकेक जिन्नस लिहावा: मंगळसूत्र, पाटल्या, ठुशी, पैंजण, प्रत्येकाचं वजन, कोणी घातलं, शेवटचं कुणाच्या ताब्यात होतं, कोणत्या बँकेच्या लॉकरमध्ये आहे. पावत्या माहेरी सापडतात. पावती नसेल तर लग्नाच्या अल्बममधले फोटो जोडावेत, दागिना अंगावर दिसतो ना, तो पुरावाच आहे. भांडीकुंडी, कपाट, शिलाई मशीन, तुमची शाळेची प्रमाणपत्रं आणि मुलांचे जन्मदाखले हेही यादीत घाला. प्रमाणपत्रं सासरी अडकल्यामुळे नोकरी हुकते, आणि ती परत मिळवायचा हाच सरळ मार्ग आहे.

सामनेवाल्यांच्या रकान्यात मात्र आखडतं घ्यावं. रागाच्या भरात सगळ्या नातेवाइकांची नावं लिहिली जातात, पुण्यातली नणंद, सुरतचे मामेसासरे. प्रत्येक जास्तीच्या नावाला एक नोटीस, एक पत्ता, एक वकील, आणि एकाची जरी बजावणी राहिली तरी पुढची तारीख. वर दूरच्या नातेवाइकांची नावं वगळून घ्यायला उच्च न्यायालयात अर्ज होतात, ते वेगळंच. ज्यांनी प्रत्यक्ष काही केलं आणि ज्यांच्याविरुद्ध आदेश हवा आहे, तेवढीच नावं घ्या. पत्ता लिहिताना राहत्या घरासोबत कामाची जागाही लिहा. नोटीस कामाच्या ठिकाणी बजावायला नियमांनी परवानगी दिलेली आहे, आणि घराला कुलूप दिसलं तरी कारखान्याच्या गेटवर माणूस सापडतो.

अहवाल वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नये. त्याची एक प्रत बाईची असते, एक न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, एक पोलीस ठाण्यात जाते. प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का हवाच. ‘नंतर या, तेव्हा देतो’ यावर थांबू नका. तारखेचा शिक्का नसेल, तर किती दिवस कागद पडून राहिला हे पुढे सिद्ध करता येत नाही. अहवालाशिवायही कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १२ चा अर्ज थेट न्यायालयात करता येतो, सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रभा त्यागी खटल्यात हे स्पष्ट केलं. तरीही डीआयआर करून घ्यावा असंच आमचं म्हणणं. घटना ताज्या असताना सरकारी अधिकाऱ्याने लिहिलेली हकीकत आणि सहा महिन्यांनी वकिलाने टाइप केलेली हकीकत यांचं वजन सारखं नसतं.

अर्ज नमुना २ मध्ये होतो. माहेरी तात्पुरती राहत असलेली बाई माहेरच्या तालुक्यातल्या न्यायालयातही तो करू शकते, कलम २७ तसं सांगतं. आधार कार्डावर अजून सासरचा पत्ता असेल तर ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला किंवा भाडेकरार जोडा, म्हणजे ‘हे न्यायालय चुकीचं’ हा आक्षेप पहिल्याच तारखेला मिटतो.

काय मागायचं, हे नीट ठरवलं पाहिजे. कलम १८ खाली मारहाणीला मनाई सगळेच मागतात. पण त्याच कलमात नवऱ्याला बँक खातं किंवा लॉकर हाताळायला मनाई मागता येते, ती फार थोड्या अर्जांत दिसते. नोटीस मिळताच खातं रिकामं होण्याची भीती असेल तर ही मागणी पहिली. कलम १९ मध्ये घर. घर कुणाच्या नावावर आहे याला घाबरू नये. २०२० च्या सतीश आहुजा निकालानंतर सासऱ्याच्या नावावरचं घरही बाईसाठी सामायिक घर ठरू शकतं. त्याच घरात परत जायची हिंमत नसेल तर त्याच तोलाचं दुसरं घर किंवा त्याचं भाडं मागा. नवऱ्याला घराबाहेर राहायचा आदेश होऊ शकतो, सासूला मात्र नाही, कारण स्त्रीला घराबाहेर काढायचा आदेश या कलमात बसत नाही. अर्जात ते मागून उगाच एक मागणी फेटाळून घेऊ नये.

पैशाच्या बाबतीत कलम २० मधलं सहावं पोटकलम लक्षात ठेवा. नवरा पगारदार असेल आणि आदेशाप्रमाणे पैसे देत नसेल तर त्याच्या मालकाला किंवा कार्यालयाला पगारातून रक्कम कापून थेट बाईला द्यायचा आदेश न्यायालय देऊ शकतं. महिना संपला की खात्यात पैसे, मागे लागायला नको. हे मागितलं नाही तर दर तीन महिन्यांनी वसुलीचा अर्ज करत बसावं लागतं. उत्पन्न दाखवायला दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं, रजनेश विरुद्ध नेहा या नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून. नवरा शेतकरी असेल तर सातबारा आणि आठ-अ काढा, ऊस जात असेल तर कारखान्याच्या बिलांची मागणी करा. दुकानदार असेल तर जीएसटी नोंदणी. ‘बेकार आहे’ हे उत्तर ठरलेलंच असतं, त्याला मोटारसायकलच्या हप्त्याची पावती बोलून उत्तर देते.

आणि तातडीच्या आदेशासाठी नमुना ३ चं प्रतिज्ञापत्र. हा कागद राहून गेला म्हणून अंतरिम अर्ज महिनोन्‌महिने लोंबकळतो. कलम २३ प्रमाणे सामनेवाल्याला न ऐकताही, नुसत्या या प्रतिज्ञापत्रावर, आदेश होऊ शकतो. मुख्य अर्जासोबत त्याच दिवशी तो लावावा. संरक्षण अधिकाऱ्याकडून नमुना ५, म्हणजे सुरक्षा योजनाही मागून घ्या. मारहाण कशी होते, भीती कशाची आहे, कोणता उपाय हवा असा तो तक्ता आहे, आणि तातडीच्या आदेशाला त्याचा चांगला आधार होतो.

आता या सेवेची सगळ्यात कच्ची बाजू: नोटीस. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, नोटिशीची बजावणी जास्तीत जास्त दोन दिवसांत, निकालाचा प्रयत्न साठ दिवसांत. कागदावर सुंदर आहे. प्रत्यक्षात नोटीस संरक्षण अधिकाऱ्याकडे, तिथून अनेकदा पोलीस ठाण्याकडे, आणि परत येते ती ‘मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन. अधिकाऱ्याला ना गाडी, ना शिपाई. गावोगाव नोटिसा घेऊन फिरायचं की समोर रडत बसलेल्या बाईचा अहवाल लिहायचा, यात अहवालच जिंकणार, आणि तो जिंकावाही. उपाय कायद्यात करायला हवा. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावायची दारं उघडली आहेत. या कायद्यातल्या नोटिसाही मोबाइल आणि ईमेलवर बजावल्याचं ग्राह्य धरावं. आणि निकालाचा नुसता ‘प्रयत्न’ पुरत नाही. निदान अंतरिम अर्जाला तरी पक्की मुदत बांधून द्यावी.

समुपदेशनाचंही तसंच. आधी दोघांना बोलावू, दोन-तीन बैठका घेऊ, मग बघू, असा पायंडा ठिकठिकाणी पडला आहे. कायद्यात समुपदेशन ही अर्जाची पूर्वअट नाही. कलम १४ प्रमाणे ते अर्ज दाखल झाल्यावर, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने होतं, आणि पुढची तारीख दोन महिन्यांच्या आत पडावी लागते. त्या बैठकीत नवऱ्याला मारहाणीचं समर्थन करू द्यायचं नाही, असंही नियमात आहे. म्हणून आधी अहवाल, मग बोलणी. बाईला नांदायचं असेल तर जरूर नांदावं, पण अहवाल नोंदलेला असला की समझोत्यातली प्रत्येक अट लेखी येते.

अधिकारी अहवालच घेत नसेल तर काय? कलम ३३ खाली त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते, पण ती संरक्षण आदेशात न्यायदंडाधिकाऱ्यांनी सोपवलेलं काम टाळल्याबद्दल; शिवाय कलम ३४ प्रमाणे त्यासाठी आधी शासनाची मंजुरी लागते, आणि ती मागत बसायला कुणाला वेळ असतो! त्यापेक्षा लवकर लागू पडणारा मार्ग कलम ९ मध्ये आहे: संरक्षण अधिकारी न्यायदंडाधिकाऱ्यांच्या नियंत्रणाखाली काम करतो. न्यायालयात एक पानाचा अर्ज द्या, अमुक तारखेला गेले, अहवाल घेतला नाही, आदेश व्हावा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी निश्चित करायला सहा आठवडे दिले होते. कायदा होऊन जवळपास वीस वर्षांनी असा आदेश द्यावा लागतो, यातच सगळं आलं. दुसऱ्या कामाचा बोजा असलेल्या माणसाला आणखी एक पद चिकटवून ही सेवा चालणार नाही. तिला पूर्णवेळ माणूस, प्रवासखर्च आणि दार बंद होणारी एक खोली हवी.

आदेश झाला की प्रत मोफत मिळते, कलम २४. ती प्रत स्वतः पोलीस ठाण्यात नेऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. संरक्षण आदेश मोडला तर तो कलम ३१ चा गुन्हा, कलम ३२ प्रमाणे दखलपात्र आणि अजामीनपात्र, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ठाणे अंमलदाराने ‘न्यायालयात जा’ म्हटलं तर शिक्क्याची पोच आणि कलम ३२ पुढे करा. थकलेल्या पोटगीला मात्र कलम ३१ लागतं का, यावर उच्च न्यायालयांची मतं एकसारखी नाहीत, आणि कायद्यात दुरुस्ती करून हे एकदाचं मिटवायला हवं. तोवर पोटगीसाठी वसुलीचा स्वतंत्र अर्ज करायचा. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत तो केला पाहिजे, नाहीतर त्या वर्षापलीकडच्या थकबाकीसाठी वॉरंट निघत नाही. वहीत महिन्यागणिक आलेली आणि थकलेली रक्कम लिहीत जा, बँकेच्या पासबुकावर दर महिन्याला नोंद करून घ्या, आणि दहावा महिना उलटला की वकिलाला फोन करा.